सुबोतिवचा सातबारा

युक्रेनच्या पाच ह्रिव्नियांच्या नोटेवर एका बाजूला बोहदान ख्मेलनीत्स्की या सतराव्या शतकातील कोसॅक हेटमानाचे, म्हणजे सीमेवरच्या लढवय्या कोसॅक लोकांच्या सेनाप्रमुखाचे, चित्र आहे आणि दुसऱ्या बाजूला जाड भिंतींचे, वर डौलदार त्रिकोणी माथा असलेले एक चर्च. माझ्याकडे ही नोट आली ती भाच्यामुळे. तो तिकडे वैद्यकीय शिक्षण घेत होता आणि २०२२ च्या मार्चमध्ये, रशियाचे आक्रमण सुरू झाल्यावर, इतर हजारो भारतीय विद्यार्थ्यांप्रमाणे शेजारच्या देशाची सीमा ओलांडून परत आला. पाकिटात उरलेले ते पैसे इथे कोणी बदलून देईना, म्हणून ते घरातच राहिले. नोटेवरचे चर्च राजधानीतले किंवा एखाद्या मोठ्या शहरातले असेल, असे मी धरून चाललो होतो. ते सुबोतिव नावाच्या एका लहानशा खेड्यातले आहे, हे कळल्यावर त्या खेड्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. मी तिथे कधी गेलेलो नाही. मात्र माझी सगळी नोकरी महसूल खात्यात फेरफार, वारस नोंदी आणि वहिवाटीचे तंटे पाहण्यात गेली, आणि सुबोतिवचा इतिहास वाचताना पहिल्याच पानावर मला माझ्या ओळखीची भानगड भेटली. एका जमिनीवर एका माणसाचा ताबा होता, दुसऱ्याच्या हाती अधिकार होता, आणि कागद मात्र दोघांपैकी एकाच्याच बाजूने उभा राहणार होता.

सुबोतिव मध्य युक्रेनमधील चेर्कासी प्रांतात, चिहिरीन या छोट्या शहराच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर आहे. जवळून त्यास्मिन नदी वाहते. आपल्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत जिला नीपर म्हटले आहे त्या द्नीप्रोची ही उजवीकडून येणारी उपनदी असून तिची लांबी १६१ किलोमीटर आहे आणि तिची चाल विचित्र आहे. ती आधी उत्तरेकडे जाते, स्मिला शहराजवळ एकदम वळते आणि मग द्नीप्रोला समांतर अशी आग्नेयेकडे उतरत राहते. नदीच्या बाजूच्या टेकड्या लोएसच्या, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक पिवळसर मातीच्या आहेत. ही माती पाण्याने सहज कापली जाते, त्यामुळे सगळा मुलूख खोल घळींनी चिरलेला आहे. घळींच्या उतारांवर ओक आणि हॉर्नबीमची दाट झाडी आहे, माथ्यावरच्या सपाटीवर चेर्नोझेम ही जगप्रसिद्ध काळी जमीन आहे आणि वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पडणारे पाऊस-बर्फ त्या जमिनीला पुरते.

या भागाला भूगोलात वन-स्टेप म्हणतात. उत्तरेकडचे जंगल इथे संपत येते आणि दक्षिणेकडचे, काळ्या समुद्रापर्यंत पसरलेले गवताळ मैदान इथून सुरू होते. शेतकऱ्याला यापेक्षा चांगली जागा मिळणे कठीण, कारण लाकूड, पाणी आणि सुपीक माती एकाच ठिकाणी हाताशी येतात. पण ज्या मैदानाला जुन्या नकाशांत ‘रानटी माळ’ म्हटलेले असे, त्याच मैदानावरून क्राइमियाच्या तातारांचे घोडेस्वार माणसे पकडून गुलाम म्हणून विकण्यासाठी येत. म्हणजे जी जागा कसायला उत्तम होती तीच राखायला अवघड होती. ही अडचण नवी नव्हती. सुबोतिवच्या शिवारात ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या सुरुवातीच्या सुमाराची एक तटबंद वस्ती उत्खननात सापडली आहे. कांस्ययुगाच्या अखेरीस इथे राहणाऱ्या लोकांनाही शेतीबरोबर तटबंदीची गरज भासली होती.

ज्ञात इतिहासातले सुबोतिव सुरू होते ते बोहदानच्या वडिलांपासून. सतराव्या शतकाच्या आरंभी हा सगळा मुलूख पोलंड-लिथुआनियाच्या राज्यात होता. मिखाइलो ख्मेलनीत्स्की हा चिहिरीनच्या स्टारोस्ताच्या, म्हणजे राजाच्या वतीने त्या भागातली सरकारी जमीन सांभाळणाऱ्या सरदाराच्या, चाकरीत होता आणि त्या चाकरीच्या मोबदल्यात त्याला इथे वस्ती करायला जागा मिळाली. जमीन राजाची, अंमल स्टारोस्ताचा आणि राबणूक ख्मेलनीत्स्कीची, असे हे त्रांगडे होते. १६२० साली त्सेत्सोराच्या लढाईत तुर्कांशी लढताना मिखाइलो मारला गेला आणि त्याच लढाईत पकडलेला बोहदान दोन वर्षे तुर्कांच्या कैदेत राहिला. सुटून आल्यावर त्याने वडिलांची वस्ती सांभाळली आणि वाढवली. गिरणी, मधमाश्यांची पोळी, तळी, कुळे असा त्याचा बारदाना होता आणि सरकारी यादीतल्या कोसॅकांमध्ये तो चिहिरीनचा सोत्निक, म्हणजे शंभरांचा नायक, होता. म्हणजे तो बंडखोर नव्हता; चांगला चाललेला संसार असलेला, चाळिशी ओलांडलेला, लिहिता-वाचता येणारा माणूस होता.

१६४६ मध्ये जुना स्टारोस्ता स्तानिस्लाव कोन्येत्सपोल्स्की वारला, त्याचा मुलगा त्या जागी आला आणि मुलाच्या हाताखालचा अधिकारी चाप्लिन्स्की याने सुबोतिववर डोळा ठेवला. ख्मेलनीत्स्कीने राजाकडून जमिनीची सनद मिळवली होती असे इतिहासकार सांगतात, पण वरून आलेला कागद आणि खालचा अंमलदार यांची गाठ पडते तेव्हा काय होते, हे ज्याने कचेरीत चार वर्षे काढली आहेत त्याला समजावून सांगायला नको. १६४७ मध्ये चाप्लिन्स्कीच्या माणसांनी वस्तीवर धाड घातली, धान्य आणि गुरे नेली, बोहदानच्या लहान मुलाला जबर मारहाण केली आणि घरातल्या हेलेना नावाच्या स्त्रीला नेले, जिच्याशी चाप्लिन्स्कीने पुढे लग्न लावले. ख्मेलनीत्स्की न्यायालयात गेला, दरबारात गेला, राजालाही भेटला, आणि हाती काही लागले नाही. वर्षाच्या अखेरीस तो दक्षिणेकडे झापोरोझियाच्या कोसॅकांकडे पळाला. १६४८ च्या मे महिन्यात झोव्ती वोदी आणि कोर्सुन या दोन ठिकाणी पोलंडची सैन्ये त्याने मोडून काढली. गावातला मोजणीचा तंटा सहा महिन्यांत राज्य हादरवणाऱ्या उठावात बदलला.

अर्थात एका माणसाचा जमिनीचा दावा फेटाळला म्हणून उठाव होत नाही. त्याच्यामागे असे हजारो दावे असावे लागतात. मोठे सरदार आपल्या जमिनी, गिरण्या, दारूची दुकाने मक्त्याने देत आणि मक्तेदार दिलेला पैसा कुळांकडून वसूल करत. या मक्तेदारांमध्ये ज्यू पुष्कळ होते, कारण सरदारांनी त्यांना त्याच कामाला जुंपले होते. उठाव पेटल्यावर कोसॅकांनी आणि शेतकऱ्यांनी नेमिरिव, तुल्चिन आणि इतर ठिकाणी हजारो ज्यूंची कत्तल केली, आणि त्यात मक्त्याशी काडीचा संबंध नसलेली बायका-मुलेही होती. नोटेवर ज्याचे चित्र आहे त्याचे नाव ज्यूंच्या स्मृतीत आजही या कत्तलींसाठीच घेतले जाते. सुबोतिवची गोष्ट सांगणारे पुष्कळजण हा भाग एका वाक्यात उरकतात किंवा गाळतात. मला ते पटत नाही. अन्याय झालेल्या माणसाच्या फौजेने दुसऱ्यांवर केलेला अन्याय त्याच खात्यात लिहावा लागतो. आणि हेलेना? तिला ख्मेलनीत्स्कीने परत मिळवले, तिच्याशी लग्न केले आणि १६५१ मध्ये त्याच्या थोरल्या मुलाच्या, तिमिशच्या, हुकमावरून तिला फाशी देण्यात आली. दोन्ही बाजूंनी तिचा उल्लेख जवळजवळ मालमत्तेसारखा केला आहे आणि तिचे म्हणणे कोणी नोंदवलेले नाही.

उठाव यशस्वी झाल्यावर चिहिरीन ही हेटमानची राजधानी झाली आणि सुबोतिव हे त्याचे घर राहिले. १६५३ मध्ये त्याने टेकाडावर संदेष्टा एलियाच्या नावाने दगडी चर्च बांधले. त्याच्या भिंती सुमारे दोन मीटर जाडीच्या आहेत आणि त्यांत बंदुकीसाठी ठेवलेल्या अरुंद फटी आहेत, म्हणजे देवाला हात जोडता जोडता शत्रूवर नेमही धरता यावा अशी ती सोय आहे. सीमेवरच्या गावाचे स्थापत्य असेच असणार. त्याच वर्षी तिमिश मोल्दावियात सुचावाच्या वेढ्यात मारला गेला आणि त्याचे शव सुबोतिवला आणण्यात आले. याच काळात अँटिऑकच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखांबरोबर त्यांचा मुलगा, अलेप्पोचा पॉल, या मुलखातून गेला आणि त्याने अरबीत प्रवासवर्णन लिहून ठेवले. त्याला सर्वांत मोठे नवल वाटले ते हे, की कोसॅकांच्या देशात बहुतेक लोकांना, त्यांच्या बायका-मुलींनासुद्धा, वाचता येत होते. लिहिता-वाचता येणाऱ्या लोकांना आपल्या जमिनीचा कागद मिळू नये, यातली ठसठस या नोंदीमुळे मला अधिक समजली.

१६५४ च्या जानेवारीत पेरेयास्लाव येथे ख्मेलनीत्स्कीने मॉस्कोच्या झारचे छत्र स्वीकारले. कोसॅकांच्या मते तो अटी असलेला करार होता, मॉस्कोच्या मते ती निष्ठेची शपथ होती, आणि त्या एका दस्तऐवजाच्या वाचनावरून पुढची साडेतीनशे वर्षे भांडण चालले आहे. १६५७ मध्ये तो चिहिरीनला वारला आणि त्याला सुबोतिवच्या चर्चमध्ये पुरले. १६६४ मध्ये पोलंडचा सेनानी स्तेफान चार्नेत्स्की याने सुबोतिव जाळले. बाप-लेकांच्या अस्थी उकरून बाहेर फेकल्या, असे परंपरेने सांगितले जाते. त्या आधीच कोणीतरी हलवल्या होत्या, अशीही एक कथा गावाकडे आहे. विसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञांनी चर्चमध्ये शोध घेतला, पण हेटमानाचे दफन काही सापडले नाही. आज आत त्याच्या स्मरणार्थ शिळा आहे आणि खाली कोणी नाही. १६७८ मध्ये तुर्कांच्या वेढ्यात चिहिरीन उद्ध्वस्त झाले, आणि १६८६ मध्ये पोलंड आणि मॉस्को यांनी तह केला तेव्हा या पट्ट्यात वस्तीच करायची नाही असे ठरवून टाकले. ज्या जमिनीसाठी एवढे रामायण झाले ती दोन दरबारांनी मिळून ओसाड राखायची ठरवली! माणसे मात्र परत आलीच. चेर्नोझेम रिकामी राहू देईल असा शेतकरी जगात नाही. ती आली तेव्हा पुन्हा पोलिश जमीनदार आले, पुन्हा वेठ आली आणि १७९३ मध्ये पोलंडची वाटणी होऊन हा प्रदेश रशियन साम्राज्यात गेला.

या वेठीत जन्मलेला या परिसरातला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे तारास शेवचेन्को. १८१४ साली मोरिंत्सी गावात तो भूदास म्हणून जन्मला आणि १८३८ साली, चित्रकार म्हणून त्याची हुशारी ओळखणाऱ्या मंडळींनी २,५०० रुबल भरून त्याला सोडवले. १८४५ मध्ये तो सुबोतिवला आला, त्याने चर्चचे, हेटमानच्या वाड्याच्या अवशेषांचे आणि कोसॅकांच्या थडग्यांवरील दगडी क्रुसांचे जलरंगांत चित्रण केले आणि त्याच वर्षी चर्चवर एक कविता लिहिली. सुबोतिवच्या उंच टेकाडावर युक्रेनची रुंद, खोल शवपेटी उभी आहे, असे तो म्हणतो, आणि त्या चर्चमध्ये बोहदानने मॉस्कोवाल्यांशी सुखदुःख वाटून घेण्याची जी प्रार्थना केली तिचे फळ काय मिळाले ते बघा, असे बोल लावतो. शेवटी मात्र ही शवपेटी एक दिवस कोसळेल आणि तिच्याखालून युक्रेन उठून उभी राहील, असे त्याने लिहिले. राष्ट्रपुरुषाच्या गावी जाऊन त्याला असा जाब विचारणे सोपे नाही, आणि आज जाब विचारणारा आणि ज्याला विचारला तो, हे दोघेही त्या देशाच्या नोटांवर आहेत. या समजूतदारपणाचे मला कौतुक वाटते.

त्या काळातले इथले घर, म्हणजे खाता, आपल्या माणसाला बघताक्षणी कळेल असे आहे. लाकडाचा आणि काटक्यांचा सांगाडा, त्यावर चिकणमाती, पेंढा आणि शेण कालवून केलेला गिलावा, वरून पांढरी माती किंवा चुना, आणि डोक्यावर पेंढ्याचे किंवा बोरूचे जाड छप्पर. ईस्टरच्या आधी बायका भिंती नव्याने पांढऱ्या करत. आत निम्मी खोली व्यापणारी भट्टीवजा चूल असे, जिच्यात भाकरी भाजली जाई आणि जिच्या माथ्यावर हिवाळ्यात म्हातारी माणसे आणि मुले झोपत. घर मालकीचे वाटे, पण ज्या मातीने ते लिंपले ती माती जमीनदाराची होती.

१८६१ मध्ये भूदासपद्धत गेली आणि कागदांचे नवे पर्व सुरू झाले. चिहिरीन तालुक्यात १८७० च्या दशकात शेतकऱ्यांचे दोन तट पडले होते. एका तटाकडे वाट्याच्या जमिनीचे लेखी दस्तऐवज होते आणि जे झाले ते राहू द्या असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या तटाला जमिनीची माणशी समान फेरवाटणी हवी होती. दुसऱ्या तटाने सह्या द्यायला नकार दिला, झारकडे अर्ज घेऊन माणूस पाठवला, फटके आणि तुरुंग सोसले, आणि तरीही झार आपल्या बाजूचा आहे, मधले अधिकारी त्याचा हुकूम दाबून ठेवतात, ही त्यांची श्रद्धा ढळली नाही. याकिव स्तेफानोविच या तरुण क्रांतिकारकाने आणि त्याच्या सोबत्यांनी त्या श्रद्धेचाच उपयोग केला. त्यांनी झारच्या नावाने एक गुप्त सनद छापली, जिच्यात शेतकऱ्यांना संघटित होऊन सरदारांकडून जमीन घेण्याचा हुकूम होता. सुमारे हजार शेतकरी या बनावट सनदेवर शपथ घेऊन गुप्त दलात सामील झाले. १८७७ मध्ये सगळे फुटले, धरपकड झाली आणि पुढारी कीव्हच्या तुरुंगातून पुढच्या वर्षी निसटले. शेतकऱ्यांना अर्थातच निसटता आले नाही. बनावट दस्तऐवजाची प्रकरणे मी पाहिली आहेत, त्यांत फसवणारा स्वतःच्या फायद्यासाठी फसवतो. इथे फसवणारे भल्यासाठी फसवत होते, आणि मला ते अधिक अक्षम्य वाटते.

विसाव्या शतकाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो भाग निदान ठळकपणे सर्वांना माहीत आहे. क्रांतीनंतर शेजारच्या खोलोद्नी यारच्या जंगलातल्या खेड्यांनी धान्यवसुलीला विरोध करत १९१९ ते १९२२ पर्यंत आपले सशस्त्र दल टिकवले. मग सोव्हिएत सत्तेची सामूहिक शेती आली. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक शेतातले धान्य उचलणाऱ्याला गोळी किंवा किमान दहा वर्षांची कैद ठरली, आणि लोक त्याला ‘पाच कणसांचा कायदा’ म्हणू लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशांतर्गत पासपोर्ट सुरू झाले, पण खेडुतांना ते दिले गेले नाहीत, आणि २२ जानेवारी १९३३ च्या आदेशाने भुकेल्या युक्रेनी शेतकऱ्यांना इतरत्र जाण्यापासून रोखले. आधी जमिनीचा कागद नव्हता, आता माणसाचाही नव्हता. कीव्ह आणि खार्किव हे तेव्हाचे दोन प्रांत १९३२-३३ च्या दुष्काळात सर्वांत जास्त भरडले गेले आणि युक्रेनभर सुमारे ३९ लाख माणसे मेली, असे लोकसंख्याशास्त्रज्ञांचे अनुमान आहे. सामूहिक शेतावरच्या माणसाला पासपोर्टचा सरसकट हक्क मिळाला तो १९७४ च्या ठरावाने.

त्याआधी, १९५९ ते १९६१ च्या दरम्यान, क्रेमेन्चुकचे धरण भरले आणि सुमारे २,२५० चौरस किलोमीटरच्या जलाशयाखाली द्नीप्रोकाठची गावे आणि नोवोहेओर्हियिव्स्क हे जुने शहर गेले. सुबोतिव उंचावर असल्यामुळे वाचले. पुढे चिहिरीनजवळ वीजकेंद्रासाठी जमीन घेतली गेली, ते अणुकेंद्र करायचे ठरले, कामगारांसाठी ओर्बिता नावाची वसाहत उभी राहिली, आणि चेर्नोबिलनंतरच्या जनक्षोभामुळे १९८९ मध्ये प्रकल्प रद्द झाला. रिकाम्या इमारती तशाच राहिल्या. संपादित जमीन प्रकल्पाविना पडून राहण्याचा हा प्रकार कोणत्याही देशातल्या महसूल कारकुनाला नवा नाही.

युक्रेनच्या १९९१ मधील स्वातंत्र्यानंतर सामूहिक शेते मोडली आणि त्यांवर राबणाऱ्या सुमारे ७० लाख लोकांना जमिनीचे हिस्से मिळाले. या हिश्शाला तिकडे ‘पाय’ म्हणतात आणि तो सरासरी चार हेक्टरांच्या आसपास असतो. सामूहिक शेती आल्यापासून पहिल्यांदाच शेतकऱ्याच्या पेटीत स्वतःच्या नावाचा कागद आला. पण २००१ मध्ये शेतजमिनीच्या विक्रीवर बंदी आली आणि ती वीस वर्षे टिकली. म्हाताऱ्या खातेदारांना चार हेक्टर कसायला ना ट्रॅक्टर ना मनुष्यबळ, त्यामुळे बहुतेकांनी हिस्से मोठ्या कृषी कंपन्यांना खंडाने दिले, आणि खंड कित्येकदा गहू, साखर आणि सूर्यफुलाचे तेल अशा वस्तूंच्या रूपात घरी येऊ लागला. १ जुलै २०२१ पासून व्यक्तींना १०० हेक्टरांपर्यंत जमीन विकत घेता येऊ लागली आणि १ जानेवारी २०२४ पासून कंपन्यांना १० हजार हेक्टरांपर्यंत. या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध मी बरेच वाचले. बंदीमुळे जमिनीची किंमत दाबली जात होती, हे खरे आहे. विक्री खुली झाल्यावर हातात पैसा असलेलाच प्रथम पुढे येणार, हेही खरे आहे. माझा कल सांगायचा तर, मर्यादा ठेवून विक्री खुली करणे योग्य, पण ते युद्ध चालू असताना, कित्येक वारस सैन्यात किंवा परदेशात असताना, कंपन्यांसाठी खुले करणे घाईचे झाले.

युद्धाची आघाडी चेर्कासी प्रांतापर्यंत आलेली नाही; क्षेपणास्त्रे येतात, विस्थापित माणसे येतात आणि गावातली तरुण माणसे आघाडीवर जातात. त्याआधी, २०२० च्या फेररचनेत, चिहिरीन तालुकाच रद्द होऊन चेर्कासी तालुक्यात विलीन झाला, म्हणजे सुबोतिवच्या दस्तऐवजांवरील पत्ता पुन्हा बदलला. युक्रेनमध्ये प्रत्येक गटाची हद्द आणि क्षेत्र दाखवणारा सार्वजनिक भूनकाशा इंटरनेटवर खुला होता. आक्रमण सुरू होताच सरकारने तो सुरक्षेसाठी बंद केला आणि नोंदणीचे काम पुढे मर्यादित रूपात सुरू झाले. हा निर्णय बरोबरच होता, कारण कोणते शेत कोठे आहे आणि कोणती इमारत कोणाची, ही माहिती शत्रूच्याही कामाची असते. खंडाचे करार मात्र त्या काळातही संपत होते, खातेदार मरत होते, आणि ज्याच्या नावे वारस नोंद करायची तो मुलगा खंदकात असेल तर अर्जावर सही कोणाची घ्यायची, हा प्रश्न गावोगावच्या कचेऱ्यांपुढे उभा राहत होता.